पाहुणा वेशीवर थांबतो

ग्रामसेवकाच्या कामांची यादी लांबलचक असते. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूच्या नोंदी, घरकुलाच्या याद्या, संडासांचे फोटो. त्या यादीत नसलेलं एक काम मी नोकरीभर केलं. बाहेरून आलेल्या माणसांना गुड्यांवर, म्हणजे डोंगरातल्या छोट्या वस्त्यांवर, घेऊन जायचं. माझी बहुतेक नोकरी कोरपना आणि जिवती या दोन तालुक्यांत गेली. पंचायत समितीतून फोन यायचा, ‘नागपूरची पार्टी आलीय, जरा फिरवून आणा.’ कधी समाजकार्याच्या कॉलेजची मुलं, कधी छायाचित्रकार, कधी दिवाळीत ब्लँकेटं वाटणारं एखादं मंडळ, कधी माणिकगडचा किल्ला बघायला आलेले ट्रेकर, तर कधी नुसतेच साहेब आणि साहेबांचे पाहुणे. मी पुढे मोटारसायकलवर, मागे त्यांची गाडी.

कोरपना म्हटलं की लोकांना सिमेंट आठवतं. ते खरंच आहे. १९८०च्या दशकापासून या पट्ट्यात एकेक कारखाना उभा राहिला, कारण इथल्या जमिनीच्या पोटात चुनखडी आहे. पण सपाटीवरची कापसाची शेतं संपली आणि माणिकगडच्या डोंगररांगेला लागलं की मुलूख बदलतो. सागाचं रान, मोहाची झाडं आणि मधूनमधून दहा-वीस घरांचे कोलामांचे गुडे, गोंडांची गावं. १९५६ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, सोयरिकी बदलल्या नाहीत. अजूनही अर्ध्या गावाचे सोयरे तेलंगणात असतात. माणसं घरात गोंडी किंवा कोलामी बोलतात, बाजारात मराठी आणि तेलुगू. आणि आम्ही वर जाऊन त्यांना विचारतो, ‘तुम्हाला मराठी समजतं का?’

पार्टी कोणतीही असो, शिरायची पद्धत एकच. गाडी थेट गुड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, चावडीसमोर. हॉर्न. मग दारं उघडणार, उतरणार आणि विचारणार, ‘सरपंच कोण आहे?’ सरपंच बहुतेक वेळा खालच्या मोठ्या गावचा, तिथून चार-पाच किलोमीटरवर. गुड्याचा माणूस म्हणजे नाईक, गोंडांच्या गावात पाटील किंवा महाजन. त्याचं नाव कुठल्या शासकीय कागदावर नसतं. त्यामुळे तो समोरच खाटेवर बसलेला असला तरी पाहुण्यांना दिसत नाही.

तोवर बायका घरात गेलेल्या असतात. पाहुणे माझ्याकडे वळून म्हणतात, ‘फार लाजाळू आहेत हो.’ लाजाळू कसले! अनोळखी गाडी आली म्हणजे कोणीतरी काहीतरी मोजायला आलंय, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. जंगल खात्याची हद्द मोजली गेली, धरणाची जमीन मोजली गेली, चुनखडीची जमीन मोजली गेली. प्रत्येक वेळी आधी गाडी आली, मग टेप आला, मग कागद आला. कागद काय म्हणतो ते वर्षभरानं कळलं. एका म्हाताऱ्या कोलामानं मला एकदा सरळ विचारलं होतं, ‘हे काय मोजाले आले जी?’ ती मंडळी पक्ष्यांचे फोटो काढायला आलेली होती. मी तसं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

ब्लँकेटवाल्या मंडळाची गोष्ट सांगतो. माणसं चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. स्वतःच्या खिशातून पैसे घालून आलेली. त्यांनी चावडीसमोर बॅनर बांधला, म्हाताऱ्यांना रांगेत बसवलं आणि एकेकाच्या हातात ब्लँकेट देताना फोटो काढायला सुरुवात केली. एका आजीचा फोटो नीट आला नाही. मग तिच्या हातातलं ब्लँकेट परत घेतलं आणि पुन्हा दिलं. पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्यांदा परत मागितलं तेव्हा तिनं ते खाली ठेवलं आणि उठून घरी गेली. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, ‘गैरसमज झाला वाटतं.’ माझ्या मते तिचा काहीच गैरसमज झाला नव्हता. ती मंडळी गेल्यावर नाईक म्हणाला, ‘आमाले एकबी गोष्ट इचारली नाई. पानी प्या म्हटलं तं बाटली दाखवली.’

पाण्याची ही बाब बारीक वाटते, पण गुड्यावरचं सगळं इथूनच सुरू होतं. पाहुणा आला की त्याला खाट टाकतात, तांब्याभर पाणी देतात. ते घेईपर्यंत कामाचं कोणी बोलत नाही. शहरातून आलेल्या माणसाला पोट बिघडण्याची भीती असते, ती समजण्यासारखी आहे. पण तांब्या हातात घ्यायला, हातपाय धुवायला, ‘जरा वेळानं पितो’ म्हणायला काय हरकत आहे? सरळ बाटली दाखवली की समोरच्याला कळायचं ते कळतं.

सर्वेक्षणाला येणाऱ्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्या हातात प्रश्नावली असते आणि वेळ कमी असतो. कोलाम हा समाज केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे. महाराष्ट्रात असे तीनच गट, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यामुळे अभ्यासकांचे पाय इकडे वारंवार वळतात. एका दुपारी एका विद्यार्थ्यानं चारचौघांत एका बाईला विचारलं, ‘तुमची किती मुलं वारली?’ आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न, ‘घरात दारू कोण कोण पितं?’ बाई गप्प. तिच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्या मुलाला शांतपणे विचारलं, ‘तुमच्या घरी कोन पिते बाबू? बाप का काका?’ मुलगा लालबुंद झाला. म्हाताऱ्यानं काही टोमणा मारला नव्हता. तो बरोबरीनं गप्पा करत होता. तुम्ही आमच्या घरातलं विचारता तर आम्हीही तुमच्या घरातलं विचारणार, इतका साधा हिशेब. त्या विद्यार्थ्यानं पुढे वही मिटली आणि घरच्या गोष्टी सांगायला लागला. त्याचे वडील खरंच पीत होते. संध्याकाळपर्यंत तो तिथंच बसला होता. प्रश्नावली कोरी राहिली. मास्तरांनी त्याला किती गुण दिले ते मला माहीत नाही.

माझा स्वतःचा विचार पक्का झाला तो दंडारीच्या दिवसांत. कोजागिरीनंतर दिवाळीच्या अमावास्येपर्यंत राजगोंडांच्या आणि कोलामांच्या गावांत दंडारी चालते. एका गावचं पथक दुसऱ्या गावी पाहुणं जातं. त्यात घुसाडी असतात, मोरपिसांचा मोठा मुकुट, अंगाला राख, कमरेला घुंगरं, हातात सोटा. एका वर्षी पाटलानं मलाच म्हटलं, ‘साहेब, गाडीनं कायले येता? आमच्यासंगं पायी चाला.’ मी गेलो.

डोंगर उतरून, नाला ओलांडून आम्ही दुसऱ्या गावाजवळ पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गाव समोर दिसत होतं, चुलींचा धूर दिसत होता. मला वाटलं आता आत जायचं. पण सगळं पथक वेशीबाहेर एका झाडाखाली थांबलं. ढोल वाजायला लागले. आत कोणी गेलं नाही. बरोबरची पोरं दिवसभर चालून थकलेली, तहानलेली, तरी एकही पुढे सरकलं नाही. बऱ्याच वेळानं गावातून त्यांचे ढोल ऐकू आले आणि मग यजमान गावचे पाटील, महाजन आणि बरीच माणसं वाजतगाजत वेशीपर्यंत आली. जाणत्यांनी जाणत्यांची गळाभेट घेतली. ज्येष्ठ कोण, आधी कोणी कोणाला भेटायचं, हे सगळं ठरलेलं. मग आम्हाला आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, बसायला अंथरलं. माझेही पाय एका तरुण पोरानं धुतले. मी संकोचलो, तर तो म्हणाला, ‘राहू द्या, पुढच्या साली तुमी आमचे धुवाल.’ आणि ते खरंच होतं. पुढच्या वर्षी ते गाव पाहुणं येणार आणि आमचं गाव यजमान होणार. रात्रभर नाच झाला. सकाळी पूजा, जेवण, आणि निरोप घेऊनच परतणं. निरोपालाही यजमान वेशीपर्यंत आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, अर्धी ढोलांमुळे आणि अर्धी डोक्यात चाललेल्या हिशेबामुळे. आम्ही ‘आदिवासी भागात कसं वागावं’ यावर सूचना द्यायचो, एका संस्थेनं तर माझ्याकडून पत्रक लिहून घेतलं होतं. आणि इथे पाहुण्यानं कसं यावं, कुठे थांबावं, कोणी घ्यायला यावं, काय खावं, कसं निघावं, याची पूर्ण व्यवस्था आधीपासून उभी होती. स्वतःच्या भावकीतलं, सोयऱ्यांचं गाव असलं तरी माणसं बोलावल्याशिवाय वेस ओलांडत नव्हती. ती ओलांडत होतो आम्हीच. कारण सरळ आहे. पाहुणा म्हणून कोणी येतच नव्हतं. कोणी तपासायला, कोणी द्यायला, कोणी टिपायला, कोणी सुधारायला येत होतं. ज्याला परतीचं यजमानपण करायचं नाही, त्याला वेशीवर थांबायची गरज वाटत नाही.

घुसाडींचे फोटो हा वेगळाच वैताग. तेलंगणातल्या मार्लावाईच्या कनक राजू या घुसाडी कलावंताला २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि इकडेही कॅमेरे वाढले. पद्मश्रीचा आनंद सगळ्यांनाच झाला. पण दंडारीच्या दिवसांत ज्यानं तो मुकुट घातलाय तो नाचणारा पोरगा राहत नाही, देवाचं रूप होतो. तो व्रतात असतो, आंघोळ करत नाही, आजारी माणसं त्याच्या सोट्याचा स्पर्श घ्यायला येतात. अशा घुसाडीला एका पाहुण्यानं माझ्यादेखत म्हटलं, ‘टोपी जरा काढ, मी घालून एक फोटो काढतो.’ पाटील मधे पडला म्हणून प्रकरण वाढलं नाही. पंढरपूरला विठोबाच्या डोक्यावरचा मुकुट मागून बघा, एवढंच मी त्या गृहस्थाला परतीच्या वाटेवर म्हटलं. त्याला राग आला. येऊ दे.

ट्रेकर पोरांशी माझं बरं जमायचं, कारण ती चालत येतात आणि भूक लागली की भाकरी मागून खातात. त्यांची चूक वेगळी. त्यांना देवाची जागा ओळखता येत नाही. देऊळ म्हणजे कळस, घंटा, पायऱ्या असं डोक्यात बसलेलं. इथे पेनाची, म्हणजे देवाची, जागा म्हणजे गावाबाहेरचं एखादं झाड, चार दगड, लाकडी खांब, फार तर एक छप्पर. पोरं बूट घालून त्यावर बसतात, डबा खातात. आणि उन्हाळ्यात वाटेवरचे आंबे पाडतात. आता आंबा कोणाच्या मालकीचा नाही हे खरं, पण नवं फळ देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नेम लहान पोरंही पाळतात. भामरागडकडे माडिया तर त्यासाठी सण करतात, पंडुम म्हणतात त्याला. गुड्यावरची पोरं झाडाखाली उभी आहेत, खात नाहीत, आणि बाहेरचा माणूस दगड मारून आंबा पाडून चोखतोय, हे मी पाहिलंय. पोरांनी त्याला काही म्हटलं नाही. नुसती बघत राहिली.

कधी कधी तर गावच बांधलेलं असतं. कोलामांमध्ये गावबांधणीचा विधी आहे. त्या दिवशी बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही. माझ्या बरोबर एकदा एक मोठे साहेब होते. वाटेवर माणूस उभा, ‘आज नाई जी.’ साहेब दोनशे किलोमीटरवरून आलेले. ते बराच वेळ चिडून बोलले, मग गाडीत बसून राहिले, मग आम्ही परत फिरलो. साहेबांनी माझ्यावर नोटीस काढली नाही हे त्यांचे उपकार. पण परतताना ते म्हणाले, ‘चांगलं आहे, कोणीतरी मला नाही म्हणालं.’ ते टोचून म्हणाले की मनापासून, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

गुड्यावरची माणसं देवमाणसं आहेत असं मी म्हणणार नाही. तिथे भांडणं आहेत, दारू आहे, भाऊबंदकीचे खटले आहेत. आणि पाहुण्यांनी लावलेल्या सवयी आहेत. गाडी दिसली की चॉकलेट मागत धावणारी पोरं कुठून आली? आमच्याच गाड्यांतून चॉकलेटं फेकली गेली म्हणून. एका गावात तर पथकानं फोटोचे पैसे ठरवले. आमच्यातल्या काही जणांना ते फार खटकलं, ‘संस्कृतीचा बाजार’ वगैरे. मला त्यात वावगं वाटत नाही. फोटो शहरात विकला जातोच, मग भाव गावानं ठरवला तर बिघडलं कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची बातमी मी पेपरात वाचली तेव्हा आमच्याकडचे हे पाहुणे आठवले. तो प्रचंड लाल खडक अनांगू लोकांचं पवित्र स्थान. १९८५ साली सरकारनं ती जमीन त्यांना परत दिली, पण लोक खडकावर चढतच राहिले. पायथ्याशी ‘कृपया चढू नका’ अशी विनंतीची पाटी होती, ती वाचून चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. बंदीची तारीख जाहीर झाल्यावर शेवटच्या दिवसांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या म्हणे! पाटीवर माझा तेव्हापासून फारसा भरवसा नाही. एक अधिकारी मला प्रत्येक गुड्याबाहेर सूचनाफलक लावा म्हणाले होते. मी तो विषय फायलीत जिरवला. फलक वाचला की माणसाला वाटतं नियम पाळून झाला. नाईकाला भेटायचं राहूनच जातं.

कायद्यानं मात्र बरंच हातात दिलंय. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की आपल्या रूढी, परंपरा आणि सामूहिक साधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले आणि त्यात गुडा किंवा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो. त्या सुमारास आम्हा ग्रामसेवकांना गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) इथे नेलं होतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं तेच गाव. त्यांना २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. आम्ही वह्या काढून प्रश्न विचारायच्या तयारीत होतो. पहिला प्रश्न तिकडून आला, तुम्ही कशासाठी आलात आणि परत जाऊन काय करणार? आमच्यातल्या निम्म्यांना उत्तर देता आलं नाही. माझ्या मते तासभराच्या प्रशिक्षणापेक्षा ती शांतता जास्त कामाची होती.

बाहेरून येऊन चांगलं वागलेली माणसंही आहेत आणि त्यांची आठवण लोक फार काळ ठेवतात. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा बंडखोर पुढारी कुमराम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत अभ्यासाला धाडलं. तो गोंडी शिकला, मार्लावाईत घर करून राहिला. तो सरकारचाच माणूस होता, तरी त्याच्या खटपटीनं गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. त्याची आणि त्याच्या बायकोची समाधी मार्लावाईत आहे आणि गोंड आजही तिथे फूल वाहतात. आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांकडूनही मी त्याचं नाव ऐकलंय.

इतकं मोठं काही करायला नको. मला आठवते ती वनस्पतींचा अभ्यास करणारी एक मुलगी. ती पहिल्या दिवशी काहीच टिपायला बसली नाही. बायकांबरोबर मोहफुलं वेचली, टोपली विणायला बसली, तिनं विणलेली टोपली वाकडी झाली म्हणून सगळ्या हसल्या. कुठल्या झाडाची साल कशावर देतात हे तिनं विचारलं, आणि जे सांगायचं नाही असं एका वैदूनं म्हटलं ते तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्रबंध झाल्यावर ती परत आली. बरोबर काढलेल्या फोटोंच्या प्रती, ज्याचा फोटो त्याच्या हातात. आणि चावडीत बसून काय लिहिलं ते मराठीत वाचून दाखवलं. दोन ठिकाणी बायांनी तिला थांबवून चूक सांगितली. तिनं तिथंच पेनानं दुरुस्त केली. इतकी वर्षं मी पार्ट्या नेल्या, काढलेला फोटो परत आणून देणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आता मी निवृत्त आहे, तरी फोन येतात. दंडारी बघायची आहे, जंगुबाई देवीची यात्रा बघायची आहे, कोणाला भेटू? पुस महिन्यात जंगुबाईला दोन्ही राज्यांतून गोंड अनवाणी येतात, तिथे तर पाहुण्यानं आधी चपला काढायच्या आणि मग बोलायचं. बाकी माझं सांगणं थोडंच असतं. आधी निरोप धाडा, आता मोबाइल सगळ्यांकडे आहे. गाडी गावाबाहेर ठेवा. नाईक किंवा पाटील कोण ते विचारा आणि त्याच्याकडे जा. कॅमेरा पिशवीत असू द्या, तेच म्हणतील तेव्हा काढा. नाही म्हटलं तर परत फिरा. आणि वस्तू वाटायची हौस असेल तर ती खाली बाजारात भागवा. रात्री राहायची तयारी असेल तरच दंडारीला या, कारण संध्याकाळी येऊन तासाभरात निघणाऱ्याला कोणी वेशीपर्यंत सोडायला येत नाही.